आत्याच्या झाडाचं पाणी

आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या घरात सकाळ झाली हे आवाजांवरून ओळखावं लागे, कारण उजेड उशिरा यायचा. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं चिकटलेली, पुढे दुकानांची ओळ, आणि ऊन आत यायला वाट एकच, माडीवरची पूर्वेची खिडकी. आधी अजान व्हायची, मग मागच्या मोहल्ल्यातले हातमाग सुरू व्हायचे, खट्-खटाक, खट्-खटाक, आणि मग खाली आईची बादली वाजायची. आमच्याकडे पाणी मुबलक होतं. जमिनीखालून भंडाऱ्याचं, म्हणजे मोगलांच्या वेळच्या जलाशयांचं, पाणी गावात खेळवलेलं होतं, त्यामुळे गोरगरिबालासुद्धा पाण्याची काटकसर ठाऊक नव्हती. आई अंघोळ करून आली की पहिला तांब्या तुळशीला, दुसरा उंबऱ्यावर, तिसरा सूर्याला. तोवर वर माडीवर आत्या कंगवा ठेवून खिडकीचं दार उघडायची आणि म्हणायची, "कमल, उठा. ऊन आलं, तुम्ही कुठे आहात?" मला 'तुम्ही' म्हणणारी जगात ती एकटीच होती, आणि तेही फक्त सकाळी.

मीरा, ईशान, तुम्ही मला माझ्या शिक्षणाविषयी विचारता. आजी, त्या काळात तुला इंग्रजी कुणी शिकवलं, तुला एवढ्या लांब कुणी पाठवलं, असं ईशान मागच्या वेळी विचारत होता, आणि मी काहीतरी सांगून विषय बदलला. हे प्रकरण त्याचं उत्तर आहे. सावकाश वाचा; अडलं तर आईला विचारा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, म्हणून आईसुद्धा अक्काच म्हणे. ती सतराव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी एक मोठी गोष्ट केली, तिला नागपूरला वसतिगृहात ठेवून शिकवलं. ते गेल्यावर ती भावाकडे आली आणि गावातल्या मुलींच्या सरकारी शाळेत मास्तरीण झाली. बारीक काठाचं पांढरं पातळ, पायांत काळ्या चपला, हातात छत्री. ती गल्लीतून निघाली की दुकानदार उगीचच तराजू सरळ करायचे. इंग्रजी तिनेच मला शिकवलं, रोज संध्याकाळी, खिडकीतल्या बाकावर बसवून. माझी आई शाहपूरची, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिला अक्षरओळख होती, पण तिची बोली अखेरपर्यंत शाहपूरचीच राहिली. मी तिच्यासारखं 'मले' म्हटलं की आत्या भुवई उचलायची, आणि आई चुलीपुढून म्हणायची, "उचला, उचला भुवई. तुमच्या शुद्ध भाषेनं भाकर फुगत नाही, अक्का." मग दोघी हसत. त्या नणंद-भावजयी होत्या, पण त्यांच्यात भांडण म्हणावं असं काही मला आठवत नाही. मला ते दिसलं नसेल असंही नाही. माझं लक्ष फार होतं.

ते झाड आत्याकडे आलं मिशनच्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या परदेशी नर्सबाईंकडून. त्या कायमच्या त्यांच्या देशाला निघाल्या होत्या. त्यांनी सामान वाटून टाकलं, तेव्हा कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला घड्याळ, आणि आत्या एक मातीची कुंडी पोटाशी धरून टांग्यातून उतरली. त्यात लांब, पट्ट्यासारख्या पानांचा झुबका, कडा हिरव्या आणि मधून पांढरी रेघ. आईने कमरेवर हात ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"अक्का, हे काय आणलं? गवत?"

"घरात ठेवायचं झाड आहे, सुभद्रा."

"घरात? झाड?" आईला हसू आवरेना. "फूल येते का याले?"

"बारीकसं येतं म्हणे."

"पान खाता येते?"

"नाही."

"ना देवाले, ना जेवाले. मंग हे काय करते दिवसभर?"

"दिसतं," आत्या म्हणाली. आई त्यावर इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. पुढे कित्येक दिवस, बाबा रविवारी नुसते पडून राहिले की आई म्हणायची, "बसू द्या त्यांले. ते दिसून राहिले."

झाडाचं नाव आम्ही विचारलंच नाही. 'आत्याचं झाड' एवढं पुरे होतं. आत्याने ते खिडकीपासून हातभर आत, तिपाईवर ठेवलं, कारण थेट ऊन त्याला सोसत नाही असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. पाणी घालण्याची तिची रीत होती. आधी तर्जनी मातीत खुपसायची, दुसऱ्या पेरापर्यंत. बोट कोरडं निघालं तरच पाणी, आणि तेही कडेकडेने, कुंडीच्या खालच्या भोकातून थेंब आला की बंद. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी नाही. रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, खालून वर. टोकं तपकिरी झाली तर कात्रीने तिरकी कापायची. "याची मुळं जाड असतात," ती मला सांगे, "पाणी साठवून ठेवतात. आपण सारखी आठवण काढलेली याला नको असते. आठवडाभर विसरलीस तरी चालेल, पण दोनदा आठवण केलीस तर मरेल." मी ते सगळं वहीत लिहून घेतलं होतं, तारखेसह. मी तेव्हाही नीटनेटकी होते.

दुसऱ्या वर्षी झाडाच्या मधून एक लांब दांडी बाहेर आली, खाली झुकली, आणि तिच्या टोकाला बारकी पांढरी फुलं येऊन गेल्यावर तीन छोटी झाडं फुटली. तशीच पट्ट्यांची, पण बोटभर, हवेत लोंबकळणारी. त्यांना आम्ही पिल्लं म्हणायचो. आत्याने ती तोडली नाहीत. त्यांना जरा बळ येऊ दे, म्हणाली. आई जिन्यावरून वर येताना मुद्दाम त्या दांडीपाशी थांबायची. "लेकुरवाळी झाली हो तुमची गवतबाई," असं म्हणून ती एका पिल्लाला बोटाने हलकेच झुलवायची.

आणि मग राज्यं बदलली. तुम्ही हे पुस्तकात नकाशा म्हणून वाचाल. आमच्यासाठी तो नकाशा नव्हता, सरकारी पत्रं होती. आतापर्यंत आमचं गाव आणि नागपूर-अकोला एकाच राज्यात होते. आता भाषेवरून नव्या हद्दी पडल्या. नागपूर-अकोला तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो, आणि आमची राजधानी भोपाळला झाली. आमच्या घरात मराठी, दुकानात हिंदी, गल्लीत दोन्ही. त्यात काही फरक पडला नाही. पण सरकारी नोकरमाणसं दोन राज्यांत वाटली गेली. बाबा म्युनिसिपालिटीत कारकून होते, ते वाचले. आत्या सरकारी शाळेची मराठीची मास्तरीण, तिचं नाव तिकडच्या यादीत निघालं. अकोल्याच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावी तिला जूनमध्ये हजर व्हायचं होतं. ते पत्र तिने दोनदा वाचलं, घडी केली आणि पातेलं धुवायला घेतलं. पातेलं आधीच धुतलेलं होतं.

बाबा म्हणाले, "अक्का, नोकरी सोड. या घरात तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. पण नोकरी सोडून मी करू काय? सुभद्राच्या चुलीपुढे दुसरी बाई कशाला?"

"माझी चूल काय लहान पडली?" आई रागाने म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, आई वांगी भाजत असताना, आत्या तिच्याजवळ पाटावर बसली. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. मला सगळं ऐकू आलं.

"सुभद्रा, इथली कमलची शाळा यंदा संपली. पुढचे वर्ग मुलींना इथे नाहीत. तिकडे मोठी शाळा आहे. माझ्याजवळ राहील, मॅट्रिक होईल, मग नागपूरला कॉलेज. तिला डोकं आहे. तू तिला माझ्याबरोबर पाठव."

आई बराच वेळ वांगं उलटंसुलटं करत राहिली. मग म्हणाली, "अक्का, तुमी काही मागाल तर मी नाही म्हणणार नाही. माझं सोनं घ्या. पण मले एकच लेकरू आहे. ते नका मागू."

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरं. नाही मागत." तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र राग आला होता, दोघींचाही. आईने नाही म्हटलं म्हणून, आणि आत्याने इतक्यात ऐकलं म्हणून. मला जायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीच नको होतं.

आत्या निघाली त्या सकाळी आईने खापरावर पुरणपोळ्या केल्या. उलट्या खापरावर ती पोळी हातांवरच मोठी करून टाकायची, ताटाच्या बाहेर जाईल एवढी. आत्याला आंब्याचा रस वाढला, शिदोरीत रव्या-तुपाचा गोड दराबा बांधून दिला. लालबागच्या स्टेशनावर जायला टांगा दारात उभा होता. आत्याने मला माडीवर नेलं. "झाड गाडीत मोडेल," ती म्हणाली, "आणि तिथली जागा कशी असेल ठाऊक नाही. तू सांभाळ. दिवाळीला मी येईन, तेव्हा बघू. पाणी कसं घालायचं?" मी बोट वर करून दाखवलं, दुसऱ्या पेरापर्यंत. ती हसली. आणखी एक तिने सांगितलं. तिला दर आठवड्याला पत्र लिहायचं, इंग्रजीत, म्हणजे शाळा नसली तरी अभ्यास सुटणार नाही.

घर एकदम रिकामं झालं. मी चौदा वर्षांची, शाळा नाही, वर माडीवर कुणी नाही. आई कामात असायची, पण दुपारी तिचा जिन्यावर पाय वाजायचा आणि ती खिडकीतल्या बाकावर येऊन बसायची. कधी कधी आत्याच्या उशीचा अभ्रा काढून, धुतलेलाच असला तरी, पुन्हा धुवायला न्यायची. एक दिवस ती माळ्यावरून पितळेचं छोटं घंगाळ काढून, चिंचेने लख्ख घासून वर घेऊन आली. "अक्काचं झाड मातीच्या कुंडीत बरं नाही दिसत," म्हणाली आणि कुंडी उचलून तिने घंगाळात ठेवली. खरोखर सुंदर दिसत होतं. घंगाळाला भोक नसतं, हे त्या वेळी आमच्या कुणाच्या मनात आलं नाही.

मी नियम पाळत होते. बोट खुपसायची, आणि बोट रोज ओलं निघायचं. मला वाटलं, पावसाळी हवा आहे, म्हणून. श्रावण लागला तशी पानं पिवळी पडू लागली, आधी खालची, मग मधली. मला वाटलं, ऊन कमी पडतंय, म्हणून तिपाई खिडकीजवळ सरकवली. मग एका सकाळी खोलीत डबक्यासारखा वास आला. मी पानांचा झुबका धरून जरासा हलवला, तर तो हातातच आला. खाली मुळं नव्हतीच. जास्त शिजलेल्या भातासारखं काहीतरी होतं, तपकिरी. कुंडी उचलली तर घंगाळात वीतभर काळं पाणी.

माझ्या ओरडण्याने दोघंही वर आले. बाबांच्या एका गालाला साबण होता.

"पाणी कुणी घातलं?" मी विचारलं. "मी घातलंच नाही. महिनाभर मी एक थेंब घातला नाही!"

 मग बाबा फडक्याने गाल पुसत म्हणाले, "मी आपलं... कचेरीतून आल्यावर प्यायचं पाणी उरतं ना पेल्यात, ते. फेकून कशाला द्यायचं? अक्काचं झाड म्हणून."

"रोज?"

"रोजच म्हणायचं."

आई भिंतीला टेकून उभी होती. "मी बी टाकत होते," ती हळूच म्हणाली. "तुळशीचा तांब्या झाला की एक तांब्या वर आणत होते. तू झोपून राहायची तवा. मले वाटे, तुमी दोघं विसरून जाल. अक्का आल्या आन् झाड सुकेल दिसलं तर काय म्हणतील?" ती केळीच्या मळ्यात वाढलेली. केळीला पाणी कमी झालं म्हणून माणसं रडतात; पाणी जास्त झालं म्हणून झाड मरतं, हे तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. ज्या झाडाला ती वर्षभर हसली, त्याच्यासाठी ती पहाटे अनवाणी तो उभा जिना चढत होती आणि कुणाला कळू देत नव्हती. मी तेव्हा तिच्यावर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. 

आमच्याकडे तुळस वाळली तर ती उकिरड्यावर टाकत नाहीत, नदीत सोडतात. आईने ठरवलं की अक्काच्या झाडालाही तसंच पोचवायचं. तिने ते केळीच्या पानात गुंडाळलं, वर हळदकुंकू वाहिलं, आणि आम्ही दोघी तापीवर गेलो. पाणी गढूळ होतं आणि चढलेलं होतं. दांडीला तीन पिल्लं तशीच होती, हिरवीगार. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी विचारलं, "ही ठेवायची का?" आई म्हणाली, "माय गेली, आता हे लेकरं कसे जगतील? जाऊ दे त्यांले तिच्यासंगं." मलाही ते पटलं. आम्ही सगळं पाण्यात सोडलं.

गेल्या महिन्यात, मीरा, तू फोनवर तुझ्या खिडकीतलं झाड दाखवलंस. नाव सांगितलंस, ते मी लिहून ठेवलं. मग एक काचेचा पेला कॅमेऱ्याजवळ आणलास आणि म्हणालीस, "आजी, हे बेबी कापून नुसतं पाण्यात ठेवलं. आठ दिवसांत बघ किती मुळं आली!" मी तुला म्हटलं की मला चष्मा सापडत नाही, नंतर बोलू. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तू तो पाहिलास, तरी काही विचारलं नाहीस. साठ-पासष्ट वर्षांनी मला कळलं, की त्या सकाळी एक पेला आणि थोडं पाणी पुरलं असतं.

बाबा म्हणाले, आत्याला इतक्यात कळवू नकोस. ती तिथे एकटी आहे, आल्यावर सांगू. म्हणून मी पत्रांत लिहीत राहिले की झाड ठीक आहे. पुढे पुढे मी तपशील घालू लागले, नवं पान आलं, दांडी लांबली. खोटं लिहिताना माझं इंग्रजी सुधारत होतं आणि आत्या पत्राच्या समासात मला शाबासकी देत होती.

भाद्रपदात तिचं पत्र आलं. तिला बारीक ताप येत होता, खोकला जात नव्हता, तोंडाला चव नव्हती. खोली बरी आहे, पण खिडकीत काही नाही, भिंत दिसते. तिच्या शाळेतल्या एक बाई माहेरी बुऱ्हाणपूरला येणार होत्या. तिने लिहिलं होतं, 'त्यांच्याबरोबर एक पिल्लू पाठव. ओल्या फडक्यात गुंडाळ. मी कुंडी आणून ठेवली आहे.'

मी ते पत्र दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. खरं लिहिलं तर श्रावणापासूनची सगळी पत्रं खोटी ठरत होती. मला आत्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. आणि खरं सांगते, आईवरचा माझा राग अजून गेला नव्हता. शाळेसाठी आणि झाडासाठी, दोन्हींसाठी. मी लिहिलं, इंग्रजीतच, की मी पाठवणार होते, पण आई नको म्हणते. लेकुरवाळ्या झाडाचं पिल्लू तोडून कुणाला देऊ नये, घराला बरं नसतं, असं तिचं म्हणणं आहे. माझ्या मते ती एक सोयीची, घरगुती सबब होती. जिने आधीच एकदा आईकडे एकुलतं लेकरू मागितलं होतं आणि नकार घेतला होता, त्या मूल नसलेल्या बाईला हे वाक्य कसं वाटेल, याचा मी विचार केला नाही. वाक्य मात्र दोनदा तपासलं, चुका नाहीत ना म्हणून.

त्या बाई आल्या तेव्हा आई त्यांना सोडीना. शेवभाजी केली, आग्रहाने वाढली. "अक्का जेवतात का नीट? पाठीवर ऊन घेतात का? त्यांले म्हणा, दिवाळीले आठ दिवस आधी या." मग ती लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी बांधायला आत गेली. बाई मला म्हणाल्या, "आणि ते रोपटं गं? तुझ्या आत्याबाईंनी तीनदा आठवण केलीय."

"ते पत्रात लिहिलंय," मी म्हटलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

आई बरणीला फडकं बांधत बाहेर आली. "काय लिवलं?"

"काही नाही. अभ्यासाचं."

एकाच पिशवीतून ते लोणचं आणि ते पत्र आत्याकडे गेलं.

उत्तर आलं ते चारच ओळींचं. 'समजलं. तुझ्या आईचं बरोबर असेल. तिला याबद्दल त्रास देऊ नकोस. तू रोज वाचत जा.' समासात काही नव्हतं. आईला वेगळं कार्ड होतं मराठीत, लोणचं पोचलं एवढंच. आई ते कार्ड उलटून पाहत राहिली, जणू मागे काही असेल. "आवडलं का नाही, ते नाही लिवलं," ती म्हणाली.

दिवाळीला आत्या आली नाही. तब्येत बरी नाही, प्रवास झेपणार नाही, असं बाबांना लिहिलं. आईने चकल्यांचा डबा कार्तिकी एकादशीपर्यंत उघडला नाही. "ताप त तवाबी होता," ती बाबांना म्हणायची, "पण येतो म्हणल्या होत्या. आता का नाही? माझं काही चुकलं असन." बाबा म्हणायचे, "तुझं काय चुकणार? उगीच काहीतरी." मी शेंगा सोलत तिथेच बसलेली असायची.

पौषात तार आली. न्यूमोनिया. बाबा पोचले तेव्हा उशीर झाला होता. शाळेतल्या लोकांनीच सगळं केलं होतं. चार दिवसांनी ते एक ट्रंक, एक वळकटी आणि एक पोतं घेऊन आले. पोत्यात तिची दोन पातेली, तवा, आणि एक मातीची कुंडी. कुंडी वरपर्यंत चाळलेल्या मातीने भरलेली होती, मधोमध बोटाने केलेला खळगा. माती वाळून दगड झाली होती. ट्रंकेत लोणच्याची बरणी होती, फडक्याची गाठ आईनेच मारलेली, न सोडलेली.

आईने ती गाठ पाहिली. मग कुंडीतल्या खळग्यावर हात ठेवून मला विचारलं, "कमू, यात काय लावणार होत्या गं अक्का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तेराव्याच्या जेवणावळी उठल्यावर ती बाबांच्या पुढे येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी शांत होता. "अक्का माझ्यावर रागावून गेल्या. त्यांनी पोर मागितली, मी नाही दिली. त्याच्याबिगर दुसरं काही नाही. आता यंदा जूनमध्ये कमूले नागपूरले पाठवा. जिथं अक्का शिकल्या, तिथंच." बाबा म्हणाले, "सुभद्रा, तू राहशील का तिच्याशिवाय?" ती म्हणाली, "ते मी पाहीन."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. बोलायला एक मिनिट पुरलं असतं. पण बोलले असते तर नागपूर नव्हतं, आणि मला नागपूर हवं होतं. त्यानंतर तीस वर्षं आई होती. मी शिकले, नोकरी केली, लग्न केलं, वर्षातून एकदा आठ दिवस यायची. प्रत्येक पितृपक्षात ती आत्याच्या नावाने पान वाढायची, कुणी नाही असं पाहून हात जोडायची आणि म्हणायची, "अक्का, मी पाठवलं बरं पोरीले." मी दाराआडून हे कितीतरी वेळा ऐकलं. ती गेली तोवर मी तिला सांगितलं नाही. तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते, कारण ईशानने विचारलं की तुला कुणी पाठवलं.

जूनमध्ये आम्ही लालबागच्या स्टेशनावर उभे होतो. आई नवं लुगडं नेसली होती, कुठल्यातरी शुभकार्याला जावं तसं. गाडी आली, बाबांनी ट्रंक चढवली, मी खिडकीशी बसले. आई खिडकीचे गज धरून उभी होती. ती रडली नाही. माझ्या बांगड्या सारख्या केल्या, केस कानामागे सारले, आणि गार्डाची शिट्टी झाल्यावर पटकन जवळ येऊन म्हणाली, "कमू, आता अक्काले बरं वाटत असन ना गं?"

"हो," मी म्हटलं.